सोळा खान्यांचा कॉम्प्युटर

आई, शालूआत्या काल म्हसळ्याला परत गेल्या. तेराव्यानंतरही माझ्या सोबतीला म्हणून थोडे दिवस राहिल्या होत्या. जाताना पिशवी खांद्याला लावून पुढच्या खोलीत थांबल्या आणि खिडकीखालच्या टेबलाकडे बघत म्हणाल्या, "मुग्धा, ह्ये आता काढून टाक गं. वयनी होती तवर ठीक होतं. येनाऱ्या-जानाऱ्याला भ्या वाटतं येवढ्या वायरी बघून."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तुमच्या नणंदेला उलट बोलायची सवय तुम्ही मला कुठे लावलीत? ती फक्त तुम्हाला उलट बोलायची लावलीत.

भेटायला येणारा प्रत्येकजण एकच सांगत होता. मोरेबाईंनी आम्हाला गणित शिकवलं, मोरेबाईंनी कान पिळला, मोरेबाईंमुळे दहावी निघाली. सगळं खरं असणार. पण ती बाई मी पाहिलेलीच नाही. मी लग्न होऊन आगरदांड्याला आले तेव्हा तुम्ही निवृत्त झाला होतात. मला जी माहीत आहे ती नाकाला नळी लावून, डोळ्यांवर दोन चष्मे चढवून वायरी सोलत बसलेली बाई. तिच्याबद्दल कोणी काही बोललं नाही. आणि तिच्याशी माझं भांडण अर्धं राहिलंय.

सुरुवात तुम्हीच केलीत. अलिबागच्या डॉक्टरांनी फुफ्फुसं आखडत चालली आहेत असं सांगितलं, त्यानंतरचे ते दिवस. जेट्टीपर्यंतचा उतार तुम्हाला उतरता यायचा, चढता यायचा नाही, म्हणून उतरणंही बंद झालं होतं. मी घरूनच नवी मुंबईच्या ऑफिसचं काम करायचे आणि तुम्ही समोर बसून माझ्याकडे बघत राहायचात. एके दिवशी विचारलंत, "तू दिवसभर त्याला सांगतेस आणि ते ऐकतं. ऐकतं म्हणजे आत कोण ऐकतं?"

"प्रोसेसर ऐकतो."

"त्याच्या आत कोण?"

मला सांगता येईना. इतकी वर्षं प्रोग्राम लिहून पगार घेतला, पण आतल्या वस्तूशी माझा कधी संबंध आला नव्हता. टाळायला म्हणून मी मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दिला. कुणीतरी भोकाभोकांच्या पांढऱ्या पाट्यांवर सुट्या आयसी, म्हणजे पाय असलेल्या काळ्या चिपा, खोचून, वायरी जोडून, अगदी साधा कॉम्प्युटर बनवत होतं. त्याला फक्त सोळा खान्यांची स्मरणशक्ती होती आणि उत्तर आठ दिव्यांवर दिसत होतं. तुम्ही तो व्हिडिओ पुन्हा पाहिलात, मग पुन्हा. मग म्हणालात, "हे आपण करू."

मला वाटलं, महिनाभराचा विरंगुळा होईल. आई, एवढी चुकीची अटकळ मी ऑफिसातही कधी बांधली नव्हती.

व्हिडिओत बोट लावलं की दिवा लागायचा. आपल्या टेबलावर काहीच लागत नव्हतं. मुंबईहून मागवलेल्या आयसींच्या पाकिटात अर्ध्या भलत्याच निघाल्या. एकीवरचा नंबर तुम्ही माझ्या नेलपॉलिश काढायच्या पाण्याने पुसलात, तर खालून दुसराच नंबर वर आला. एक आयसी मी उलटी बसवली आणि तुम्ही ती गरम आहे का बघायला बोट टेकवलंत. त्या फोडावर खोबरेल तेल लावताना मी रडकुंडीला आले होते. तुम्ही मात्र विचारत होतात, "खाच डावीकडे हवी होती ना? मग उजवीकडे कशी गेली?" एकेक भाग सुटा सुटा केला की चालायचा. टिकटिक करणारा भाग चालला, आकडा धरून ठेवणारा चालला, बेरीज करणारा चालला. तिन्ही एकत्र जोडले की गोंधळ. दोन अधिक तीन कधी पाच यायचे, कधी सात, कधी तेरा.

त्यातली एक चूक तर आपल्याला वेड लावून गेली होती. तुम्ही टेबलाजवळ बसलात की बेरीज बरोबर यायची आणि उठून गेलात की चुकायची. मी म्हणायचे, तुमचा धाक आहे. शेवटी सापडलं, की एका आयसीचा पाय कुठेच न जोडता आपण मोकळा सोडला होता, आणि तुमचा हात जवळ आला की तो पाय हवेतूनच काहीतरी उचलायचा. तुम्ही त्याला काळ्या वायरीने बांधून टाकलंत आणि म्हणालात, "मोकळं सोडलेलं कार्टं. शेजारचा जे बोलेल ते उचलणार."

पाट्यांमधल्या पितळी चिमट्यांना खारी हवा सोसेना. आज घट्ट असलेली वायर आठवड्याने सैल. वायर उपसली की टोक हिरवट दिसायचं. घर खाडीच्या तोंडावर, खिडकीतून दिघीला जाणारी बोट दिसते, मग मीठही आत येणारच. सोल्डर करून, म्हणजे कथील वितळवून, वायरी पक्क्या करणं हा एकच उपाय होता. पण सोल्डरिंगचा धूर तुमच्या छातीला विषच. मी पडवीच्या टोकाला, वारा समुद्राकडे जाईल अशा बेताने बसायचे आणि तुम्ही बंद खिडकीच्या काचेमागून बोटाने दाखवायचात, ही नाही, ती.

निखिल रोह्याच्या कारखान्यातून घरी आला आणि त्याला सोल्डरिंगच्या राळेचा वास आला. तुमच्यासमोर तो काही बोलला नाही. स्वयंपाकघरात मला म्हणाला, "तिला जिना चढायला दम पुरत नाही आणि तू तिला हे खेळणं दिलंयस."

"मी दिलं नाही. त्यांनी घेतलंय."

"मग काढून घे."

"तू घे. तुझी आई आहे."

त्याने घेतलं नाही, पण त्यानंतर कित्येक महिने त्या टेबलाकडे बघितलंही नाही. जेवायला बसतानाही पाठ करून बसायचा. आपण दोघी त्याच्या पाठीमागे कुजबुजत बोलायचो, जणू घरात चोरीचा माल दडवलाय.

पुढे ऑक्सिजनचं मशीन आलं. अलिबागहून भाड्याने आणलेलं, छोट्या कपाटाएवढं. दिवसरात्र घरघरायचं, आणि दर थोड्या वेळाने एक फुस्स सोडायचं. त्याची लांब नळी तुमच्यामागे घरभर फिरायची. दाराच्या उंबऱ्यात अडकली की तुम्ही तिला म्हसळ्याच्या बोलीत शिव्या द्यायचात. शाळेतल्या कुणालाही त्या शिव्या माहीत नसतील.

आणि नेमकं तेव्हापासून आपलं यंत्र पुन्हा चुकू लागलं. मोजणीचा साधा प्रोग्राम, एक एक मिळवत जायचं. नीट चढत जायचं आणि मध्येच उडी मारून भलतीकडे. कधी लवकर, कधी उशिरा. मी प्रत्येक वायर तपासली, आयसी बदलल्या, एक पाटी नवी घातली. ऑफिसच्या कॉलमध्ये माझ्या कानात माणसं बोलायची आणि डोळे त्या दिव्यांवर असायचे. तुम्ही गप्प झाला होतात. मला वाटलं, थकलात.

त्या दुपारी मी आतल्या खोलीत कॉलवर होते. बोलता बोलता एकदम जाणवलं, की घर शांत आहे. घरघर नाही, फुस्स नाही. वीज गेली म्हणावं तर डोक्यावर पंखा फिरत होता. कानातलं तसंच टाकून मी बाहेर धावले.

तुम्ही टेबलापाशी ताठ बसला होतात. नळी नाकात होती, पण मशीनचं बटण बंद होतं. तुमच्या ओठांचा रंग जांभळासारखा झाला होता. समोर दिवे शांतपणे मोजत होते, एकही उडी न मारता. मी बटणाकडे झेपावले तर तुम्ही माझं मनगट धरलंत. एवढी ताकद तुमच्यात कुठून आली? दुसऱ्या हाताचं बोट वर केलंत, थांब. आठही दिवे भरत आले होते. तुम्हाला एक पूर्ण फेरा बघायचा होता.

मी मनगट सोडवून घेतलं आणि बटण दाबलं. मशीन घरघरलं, आणि त्याच क्षणी तुमचे दिवे विस्कटले.

"बघितलंस?" तुम्ही म्हणालात. शब्द नव्हता तो, वाफ होती.

मी काहीच बघितलं नव्हतं. मी तुमचे ओठ बघत होते. बोटाला ऑक्सिमीटर लावायला गेले तर तो माझ्या हातातून दोनदा खाली पडला. आकडा हळूहळू वर चढेपर्यंत मी तुमच्या पायाशी फरशीवर बसून होते. तो वर आल्यावर मला राग आला. तसा राग मला माझ्या आईचाही कधी आला नाही.

"मेला असतात तुम्ही."

"पण चूक सापडली."

"चुलीत गेली चूक. किती वेळ बंद ठेवलं होतंत? आणि ही पहिली वेळ नाही ना?"

तुम्ही नजर दिव्यांकडे वळवलीत. म्हणजे नव्हती. मी कॉलवर असताना तुम्ही हे आधीही करत होतात, वेळ वाढवत वाढवत.

मग तुम्ही थांबत थांबत जे बोललात ते मला पाठ आहे. "डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं का बिघडली त्याचं कारण सापडत न्हाय. असंच होतं म्हणाले काहींना. मुग्धा, असंच होतं हे उत्तर मी कधी पोरांच्या वहीत चालवून घेतलं न्हाय. माझ्या छातीतलं न्हाय सापडत तर न्हाय. हे समोरचं तरी सापडू दे."

"आणि निखिलला मी काय सांगू? आईंनी वायरींसाठी श्वास बंद केला?"

"त्याला सांगू नकोस."

मी सांगितलं. त्याच संध्याकाळी, तुमच्यासमोर. तुम्ही मला चहाडखोर म्हणालात आणि माझ्याशी बोलणं टाकलंत. पाणी मागायचं झालं तरी निखिलला हाक. आई, मी आजही सांगते, तुम्ही चुकला होतात. तो वाद मी तुमच्या आजारपणाकडे बघून सोडलेला नाही आणि तुम्ही गेलात म्हणूनही सोडणार नाही. तुमचा जीव एकट्या तुमचा नव्हता. पण तुमचं ते वाक्यही मला खोडता आलेलं नाही.

निखिलने मात्र मला चकवलं. मला वाटलं होतं, तो आता टेबल रिकामं करणार. तो कितीतरी वेळ तुमच्या पलंगाशी उभा राहिला. मग पहिल्यांदाच टेबलाकडे गेला, वाकला आणि वायर धरून धरून मागे भिंतीपर्यंत पोचला. "मशीन आणि हे, दोन्ही एकाच बोर्डावर लावलंय?" त्याने विचारलं. "आमच्याकडे मोटर सुरू झाली की शेजारचं पॅनल असंच नाचतं. ह्याला वेगळी वीज लागेल."

मग तो तुमच्याकडे वळला. "आई, पुन्हा मशीन बंद केलंस तर हे सगळं उचलून खाडीत टाकीन."

"आधी चालव," तुम्ही म्हणालात, "मग टाक."

त्याने मोटरसायकलची जुनी बॅटरी आणली, तिच्यातून नेमकी लागेल तेवढीच वीज पुढे जाईल अशी सोय केली आणि प्रत्येक आयसीच्या शेजारी विजेचे धक्के पचवणारा एक छोटा कपॅसिटर बसवला. मोजणी नीट चालू लागली, मशीनच्या फुस्सलाही दाद देईना. दिव्यांनी पहिला पूर्ण फेरा केला तेव्हा तुम्ही माझ्याशी बोललात. अबोला संपल्याचं काही बोलला नाहीत. म्हणालात, "मोजणं म्हणजे काही कॉम्प्युटर न्हाय. मोजतं तर घड्याळही."

तुम्हाला गुणाकार हवा होता. यंत्राला गुणाकार येत नव्हता, फक्त बेरीज-वजाबाकी. सात गुणिले आठ म्हणजे सात आठ वेळा मिळवायचे आणि मग थांबायचं. थांबायचं कधी हे त्याचं त्याला कळलं पाहिजे. प्रत्येक फेरीनंतर त्याने स्वतःला विचारायचं, उरलंय का? उरलं असेल तर मागे जा, नसेल तर थांब. हे विचारणं वायरींत बसवायला आपल्याला जेवढा त्रास झाला तेवढा आधीच्या सगळ्याला मिळून झाला नाही. प्रत्येक पायरीला कोणत्या भागाचं दार उघडायचं आणि कोणाचं बंद ठेवायचं ते ठरवावं लागे. चुकून दोन दारं एकदम उघडली की दोन आकडे एकमेकांवर आदळायचे. "वर्गात एका वेळी एकानेच बोलायचं," तुम्ही यंत्राला सांगायचात.

आणि इकडे मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा दर पंधरवड्याने थोडा वर सरकत होता. आधी तुम्ही टेबलाशी बसायचात, मग टेबल पलंगाजवळ आणलं, मग तुम्ही पलंगावरून नुसतं सांगायचात आणि मी जोडायचे. एक वाक्य बोलायला तुम्हाला दोन थांबे लागायचे. मी घाई करत होते आणि घाई करतेय हे लपवत होते. तुम्हाला ते कळत होतं आणि तुम्हीही लपवत होतात.

वादळाची दुपार आठवते? मी काय विचारतेय. सकाळपासून वारा होता, दिघीची बोट बंद ठेवली होती. जेवणं होतात तोवर वीज गेली. मशीन थांबलं. मी तुमची नळी घरातल्या एकुलत्या एक सिलिंडरला जोडली आणि निखिलला फोन केला. तो रोह्याहून निघाला होता, दुसरा सिलिंडर घेऊन. घाटात झाड पडलं होतं. "कापतायत," तो म्हणाला, "सिलिंडरचा काटा कुठवर आलाय?" मी सांगितलं. मग फोनच लागेनासा झाला.

मी काट्याकडे बघत बसले. तुम्ही टेबलाकडे.

"मुग्धा. आज घरात मोटर न्हाय, काय न्हाय. लावून बघ."

"आत्ता?"

"काट्याकडे बघून तो थांबणारे का?"

मी उठले ते तुमच्यासाठी नाही. हाताला काही काम नसतं तर मी ओरडले असते. एकेक खाना भरायला घेतला. बारीक बटणं वर, खाली, खाली, वर. पत्रे वाजत होते. एक वेळ हात चुकला, तुम्ही पलंगावरून "तिसरं खाली" म्हणालात. मध्येच उठून मी काटा बघून आले. लाल पट्ट्याच्या अलीकडे होता. 

यंत्र सोडलं. दिवे हलू लागले. सात. चौदा. एकवीस. टिकटिक तुम्हीच मुद्दाम सावकाश ठेवायला लावली होती, प्रत्येक पायरी दिसावी म्हणून. त्या दिवशी मला तो सावकाशपणा सहन होत नव्हता. तुमच्या छातीचं वर-खाली आणि दिव्यांचं बदलणं, मला दोन्ही एकदम बघायचं होतं. बेचाळीस. एकोणपन्नास. मग दिवे बदलले आणि बदलायचे थांबले.

डावीकडचे दोन काळे, मधले तीन लाल, उजवीकडचे तीन काळे.

"बत्तीस," तुम्ही म्हणालात. श्वास. "सोळा." श्वास. "आठ."

छप्पन्न. मी तुमच्याकडे वळले. मला वाटलं, आता तरी शाब्बास म्हणाल. सून होऊन आले तेव्हापासून मी त्या शब्दाची वाट बघत होते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही दिव्यांवरून नजर न काढता म्हणालात, "एकदा बरोबर येणं योगायोग पण असतो. पुन्हा लाव. आणि शून्याने गुणून बघ."

"शून्याने कोण गुणतं?"

"पोरं. पहिलं तेच विचारतात." थोडं थांबून, "तुझं यंत्र आधी मिळवतं आणि मग विचारतं, उरलंय का. शून्य वेळा सांगितलं तरी एकदा मिळवणारच. आधी विचारायला हवं."

"सोळाच खाने आहेत. सगळे भरलेत. जागा नाही."

"जागा नको. क्रम बदल."

"आई, आता बास. पडून राहा."

तुम्ही पडलात, पण तोंड भिंतीकडे केलंत. काटा लाल पट्ट्यात शिरला तेव्हा बाहेर मोटरसायकल वाजली. निखिल भिजलेला, मागच्या सीटवर दोरीने बांधलेला सिलिंडर. तो बदलून झाल्यावर त्याने पहिल्यांदा तुमच्या कपाळावर हात ठेवला आणि मग टेबलाकडे बघितलं. "छप्पन्न?" त्याने विचारलं. म्हणजे त्यालाही ते दिवे वाचता येत होते. पाठ करून बसल्या बसल्या कधी शिकला, देव जाणे.

त्यानंतर तुम्ही घरी फार दिवस राहिला नाहीत. अलिबागच्या दवाखान्यात तोंडावर तो मोठा मास्क, त्यामुळे बोलणं बंद. शेवटच्या दिवशी मी आत आले तेव्हा तुम्ही अंगठा आणि पहिलं बोट जुळवून वर केलंत, गोल. सिस्टर कौतुकाने म्हणाल्या, "आजी म्हणतायत, सगळं मस्त चाललंय."

मला कळलं तुम्ही काय म्हणताय. मी म्हटलं, "करते, आई." तुम्ही डोळे मिटलेत. त्यावर विश्वास ठेवलात की कंटाळून मिटलेत, हे मला आता कोण सांगणार?

मला तुम्हाला एक सांगायचं होतं. लग्न करून मी इथे आले तेव्हा पुण्याच्या मैत्रिणी म्हणायच्या, जगाच्या टोकाला चाललीस. पहिली दोन वर्षं मलाही तसंच वाटायचं. तुम्ही मला माझ्याच कामाच्या आत ओढून नेलंत. तिथे आपण दोघीही अडाणी होतो, सारख्याच. माझ्याकडून तुम्ही सेवा करून घेतली नाहीत, काम करून घेतलंत. हे तुमच्या हयातीत म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, वाक्य फार लांब आहे.

आत्यांना एसटीला बसवून निखिल परत आला तेव्हा मी टेबलाशी होते. त्याने काही न विचारता बॅटरी जोडली. आम्ही सात आठे पुन्हा लावलं. चुकलं. एक वायर गंजली होती, ती बदलली. मग छप्पन्न आलं. पुन्हा लावलं, छप्पन्न. तिसऱ्यांदा, छप्पन्न. योगायोग नव्हता, आई. मग मी सात गुणिले शून्य घातलं.

तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. त्याने आधी सात मिळवले आणि मग विचारलं. शून्यातून एक गेला, उरले म्हणे दोनशे पंचावन्न. कारण आठ दिव्यांना ऋण आकडे कळत नाहीत. गाडीचे किलोमीटर उलटे फिरवावेत तसं ते शून्याच्या मागे जाऊन सगळ्यात मोठ्या आकड्यावर बसलं. आणि मिळवतच सुटलं. सात, चौदा, एकवीस, छप्पन्नही मागे टाकलं, दिवे भरले, सांडले, पुन्हा पहिल्यापासून. निखिल म्हणाला, "बंद कर, हे थांबत नाही." मी म्हटलं, बघू. त्याने चहा केला, आम्ही प्यायलो, बाहेर शेवटची बोट आली आणि माणसं चढ चढून घरी गेली. आणि मग एकदाचे दिवे थांबले. आठही काळे होते. पूर्ण फेरे मारून, सगळे आकडे पालथे घालून, यंत्र बरोबर शून्यावर येऊन उभं राहिलं होतं.

निखिल हसला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. "उत्तर तर बरोबर आहे."

"रीत चूक आहे."

"मग आई किती मार्क देईल?"

देईल, म्हणाला. ‘दिले असते’ नाही म्हणाला.

"एकही नाही," मी म्हटलं. मग बॅटरीची वायर काढली. सोळाही खाने पुसले गेले. वायर परत लावली, खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या खान्यापासून भरायला घेतलं. आधी विचारायचं, मग मिळवायचं.